तीन चाळीसची ओहोटी

शनिवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी समुद्राचं पाणी गाडीच्या मागच्या उजव्या चाकाला लागलं. गाडीत कुणी नव्हतं. गाडीतून आलेली चार माणसं तेव्हा बरीच लांब, किनाऱ्याच्या टोकाला असलेल्या खडकांवर उभी होती आणि आपापल्या आयुष्यात काय बदलायचंय ते पाळीपाळीने मोठ्याने सांगत होती.

या चौघांपैकी एकीला पाणी किती वाजता परत फिरणार ते मिनिटासकट ठाऊक होतं. तिच्या नोकरीचं काम तेच होतं.

नऊ वर्षं ती बंदर कार्यालयात भरती-ओहोटीचं वेळापत्रक तपासत होती. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, दिवसाकाठी कधी तीन, कधी चार वेळा, आणि प्रत्येक वेळेसमोर पाण्याची उंची. हे सगळे आकडे छापखान्यात जाण्याआधी ती पट्टी लावून, ओळ न् ओळ वाचायची. एखादा आकडा चुकला तर कुणाची तरी बोट गाळात बसते, हे तिला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. नऊ वर्षांत तिच्या हातून एकही आकडा चुकला नव्हता. नवऱ्याच्या मित्रमंडळात मात्र तिला ‘ओहोटी’ म्हणत. तिचं तोंड कायम उतरलेलं असतं, असा त्यांचा समज होता.

मित्रमंडळ म्हणजे मुख्यतः कप्तान. कॉलेजात असताना एकदा खऱ्या कप्तानाला ताप आला म्हणून यांनी एका सामन्यापुरतं नेतृत्व केलं होतं. सामना हरले, नाव राहिलं. आता ते विक्रेत्यांना उत्साह शिकवण्याचे वर्ग चालवत. नवरा फरशांच्या कंपनीत विक्रेता. म्हणजे मित्रही आणि शिष्यही. कप्तानांची बायको दातांची डॉक्टर. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्याच्याशी बोलायची सवय असल्यामुळे कुणाकडून उत्तराची अपेक्षा करायची असते हे ती विसरून गेली होती.

गाडी कप्तानांची होती. पांढरी, उंच, चारही चाकांना जोर असलेली. ती कुठेही जाते, असं कप्तान म्हणत. आजवर ती दवाखान्यापासून मॉलपर्यंत गेली होती.

या गाडीत दोन नियम होते. पहिला, फोनला सुट्टी. निघतानाच सगळ्यांचे फोन निळ्या कापडी पिशवीत घालून पिशवी डिकीत. कप्तानांचा फोन तेवढा बाहेर, कारण फोटो कोण काढणार? दुसरा नियम नकारघंटेचा. स्टिअरिंगशेजारी एक पितळी घंटा चिकटवलेली होती. कुणी काही नकारात्मक बोललं की कप्तान ती वाजवत आणि बोलणाऱ्याला गाणं म्हणावं लागे. हा खेळ ते आपल्या वर्गातसुद्धा खेळत. पन्नाशीला आलेले विक्रेते घंटा वाजली की उठून गात, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं.

सकाळी फोन पिशवीत टाकण्याआधी ती म्हणाली होती, “मला पाचच्या आत एक मेल पाठवायचाय. तो विसरून चालणार नाही.”

“चारला पिशवी उघडतो ना, वहिनी,” कप्तान म्हणाले. “पाच काय पळून जातायत?”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो सीटचा पट्टा लावण्यात गुंतला होता. इतका वेळ पट्टा लावताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मेल एका ओळीचा होता. सोमवारी तिला पत्र आलं होतं: आठ तासांवरच्या एका बंदरावर स्वतंत्र कार्यालय, ती तिथली प्रमुख. होकार शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवावा. न कळवल्यास नकार समजून पुढच्या नावाचा विचार केला जाईल. ‘मला नेमणूक मान्य आहे’ हे वाक्य तिने मंगळवारीच लिहून ठेवलं होतं. पाठवायचं बटण दाबलं नव्हतं. नवरा म्हणाला होता, “एवढा मोठा निर्णय असा घाईघाईत? ट्रिपला जातोच आहोत. समुद्राकाठी निवांत बोलू.” आणि ती थांबली होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्या बाईला मूर्ख म्हटलं असतं.

वाटेत, साधारण दहाच्या सुमाराला, कप्तानांनी दिवसाचा कार्यक्रम वाचून दाखवला. तो त्यांनी छापून वर प्लास्टिक चढवून आणला होता.

“बारा ते चार, थेट वाळूवर मुक्काम. गाडीसकट! ओहोटी तीन चाळीसला. म्हणजे तोपर्यंत पाणी मागे-मागेच जाणार. सगळा अभ्यास केलाय, वहिनी. तुमच्या खात्याला नाव ठेवायला जागा नाही.”

“तीन चाळीस नाही,” ती म्हणाली. “आज ओहोटी बारा वीसला आहे. तीन चाळीस कुठून आलं?”

“आपल्याच स्वयंपाकघरातून,” नवरा मागे वळून हसत म्हणाला. “भिंतीवर तुमच्या ऑफिसचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर आहे ना, दीपस्तंभाचं? त्याचा फोटो काढून मीच पाठवला.”

“ते गेल्या वर्षीचं आहे.”

“बरं मग? तारीख तर तीच आहे ना!”

दीपस्तंभाचं चित्र छान आहे म्हणून नवऱ्याने जुनं कॅलेंडर काढू दिलं नव्हतं. नवं त्याच्या मागे लटकत होतं. याच भिंतीसमोर बसून हा माणूस नऊ वर्षं जेवला. ती ऑफिसात काय करते ते त्याला माहीत होतं. लोकांना तो कौतुकाने सांगायचाही. भरतीची वेळ हवी होती तेव्हा मात्र त्याने भिंतीला विचारलं. बायको चार हातांवर भाजी चिरत उभी होती.

“दर वर्षी त्याच तारखेला चंद्र वेगळ्या ठिकाणी असतो,” ती म्हणाली. “गाडी वाळूवर नेऊ नका. बारा वीसनंतर पाणी—”

ठण्ण.

“नकारघंटा!” कप्तान ओरडले. डॉक्टरीण टाळ्या वाजवायला लागली.

“अहो, ही मस्करी नाही. पाणी चढायला—”

ठण्ण ठण्ण.

“दोन गाणी!”

“म्हण गं, म्हण,” नवरा म्हणाला. “उगाच मूड घालवू नकोस सगळ्यांचा.”

तिने गाणं म्हटलं. शाळेतलं, दोन कडवी, गाडीच्या काचेतून बाहेर बघत. सगळ्यांनी टाळ्या दिल्या. डॉक्टरीण म्हणाली, “बघ, किती मोकळं वाटतं! जबडा पण सैल होतो.”

बारा वाजायला दहा मिनिटं असताना ते किनाऱ्यावर पोचले. किनारा रुंद, सपाट आणि निर्मनुष्य होता. पाणी खरोखरच मागे चाललं होतं. ओली वाळू आरशासारखी उघडी पडत होती. कप्तानांनी काच खाली केली.

“हे बघा, वहिनी! डोळ्यांनी दिसतंय. उतरतंय की नाही?”

उतरत होतं. अजून अर्धा तास उतरणार होतं. दिसतं तेवढंच खरं मानणाऱ्या माणसाला अर्धा तास म्हणजे कायमचंच असतं.

फोटोत मागे समुद्र यावा म्हणून त्यांनी गाडी पाण्यापासून पन्नासेक पावलांपर्यंत नेली, वळवली आणि शेपटी समुद्राकडे करून उभी केली. वळवताना हातात अडचण नको म्हणून कार्यक्रमाचा कागद खिडकीतून तिच्याकडे दिला. ती वाळूवर उभी राहून वाचू लागली. बारा ते चार वाळू. चार वाजता फोन, चहा. साडेचार ते सहा वाळूवर खेळ. आणि त्याखाली, तशाच ठळक अक्षरांत: ‘६ ते ६.३०: दोघांचं बोलणं (बदली). ६.३०: सूर्यास्ताचे फोटो.’

कागद घेऊन ती नवऱ्याकडे गेली.

“हे काय आहे?”

“कुठलं? अच्छा, ते. त्यानेच सुचवलं. वेळ राखून ठेवलेला बरा, नाहीतर राहून जातं.”

“उत्तर पाचला द्यायचंय. तुला माहीत आहे.”

“अगं, शनिवारी संध्याकाळी कोण बसलंय तुझा मेल उघडायला?”

“तुला माहीत आहे का नाही?”

नवऱ्याने बूट काढून त्यातली वाळू झटकली. बुटात वाळू नव्हती. तो नुकताच गाडीतून उतरला होता.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “पण मला वाटलं, पाच वाजून गेले की आपण दोघं जरा शांतपणे बोलू शकू. डोक्यावर टांगती तलवार नको.”

तलवार काढून टाकायची त्याची रीत अशी होती. पाच वाजून जाऊ द्यायचे, मग सूर्यास्त बघत बायकोचं सांत्वन करायचं. अर्धा तास. त्यानंतर फोटो.

तिने पाण्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. बारा वाजून पाच मिनिटं. पंधरा मिनिटांनी पाणी थांबणार, मग वळणार. ती बोलली नाही. एकदा सांगून झालं होतं, दोन गाणी ठोठावली गेली होती आणि पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा पगार तिला मिळत नव्हता.

कागद पुढच्या सीटवर टाकून फोन मात्र तिने मागितला. कप्तान किल्ली खिशात टाकत म्हणाले, “चारला! नियम मोडला की मजाच गेली,” आणि खडकांच्या दिशेने चालू लागले. किल्लीच निघाली म्हटल्यावर तीही निघाली. तिचा हिशेब असा की खडकांपर्यंत जाऊन हे लोक दमतील आणि एकच्या आत परततील. पाणी गाडीपर्यंत यायला एक वाजून जाईल. समुद्राचा हिशेब बरोबर होता. माणसांचा चुकला. आपलं बोलणं ऐकायला कप्तान कधीच दमत नसत, हे तिने धरलं नव्हतं.

खडकांवर त्यांनी सगळ्यांना गोलात उभं केलं. विषय: मला काय बदलायचंय. स्वतःबद्दल ते पंचवीस मिनिटं बोलले. डॉक्टरिणीला दवाखान्यातल्या भिंतींचा रंग बदलायचा होता; त्यावर दहा मिनिटं गेली. मध्ये एकदा नवऱ्याच्या शेजारून ती म्हणाली, “आता परत जाऊ या,” तर कप्तानांनी बोट नाचवून दटावलं. मग नवऱ्याची पाळी आली.

“मला काहीही बदलायचं नाही,” नवरा म्हणाला आणि तिच्याकडे बघून हसला. “आहे ते छान आहे.”

“वा!” कप्तान म्हणाले. “क्या बात है! आता वहिनी. काय बदललंय असं वाटतं? आय मीन, काय बदलावंसं वाटतं?”

तिची पाठ खडकाला होती, तोंड किनाऱ्याकडे.

“तुमच्या गाडीला पाणी लागलंय,” ती म्हणाली.

कप्तानांचा हात सवयीने घंटेसाठी पुढे झाला. घंटा गाडीत होती.

ते पळाले. चाळिशीपुढची, पोट सुटलेली माणसं ओल्या वाळूत जशी पळतात तशी. पोचेपर्यंत एक पस्तीस झाले होते आणि मागची दोन्ही चाकं घोट्याएवढ्या पाण्यात होती. कप्तानांनी गाडी सुरू करून जोर दिला. चारही चाकांना जोर होता, त्यामुळे चारही चाकं एकदम रुतली.

“आधी डिकी उघडा,” ती म्हणाली. “फोन काढा.”

“आत्ता डिकी उघडली तर आत पाणी जाईल. ढकला! वहिनी, तुम्ही पण!”

“पाणी अजून डिकीच्या खाली आहे. दोन वीसनंतर नसेल. उघडा.”

“ढकला म्हणतो ना! पॉझिटिव्ह राहा जरा!”

तिघांनी ढकललं, ती बाजूला उभी राहिली. पाणी कसं चढतं याचा एक ठोकताळा त्यांच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात: एकूण चढायचं त्याचे बारा भाग करा, पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन. सुरुवातीला पाणी इतकं सावकाश येतं की माणसाला वाटतं आपल्याकडे वेळ आहे.

दोनच्या सुमाराला कप्तान खाली वाकले आणि शर्टाच्या खिशातला त्यांचा फोन, सगळ्या नियमांतून सूट मिळालेला तो एकमेव फोन, पाण्यात पडला. गढूळ पाण्यात त्यांनी तो बराच वेळ चाचपला. हाती एक शिंपला लागला.

दोन पस्तीसला पाणी दारांच्या निम्म्यावर चढलं. आता कप्तानांनी डिकीचं बटण दाबलं. डिकी उघडली नाही. पुन्हा दाबलं, मग ठोसा मारला, मग तिच्याकडे असं पाहिलं की जणू वेळापत्रक तिनेच ठरवलं होतं. नवरा खिडकीतून आत शिरला, मागच्या सीटची पाठ पाडून त्याने हात घातला आणि निळी पिशवी ओढून काढली. पिशवीतून नळासारखी धार लागली होती. डॉक्टरिणीने पुढून सापडेल ते वाचवलं; ती कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कार्यक्रमाचा कागद होता. त्यावरचं एक अक्षरही पुसलं नव्हतं. प्लास्टिक चांगल्या प्रतीचं होतं.

नवऱ्याच्या हातातल्या पिशवीतून तिने आपला फोन काढला. बटण दाबलं, दाबून धरलं. पडदा काळा तो काळाच. तिने तो कोरड्या वाळूवर ठेवला आणि चपला हातात घेतल्या.

“कुठे निघालीस?” नवरा म्हणाला. कपाळावर त्याला खरचटलं होतं.

“धक्क्यावर. तिथे आमच्या खात्याचा फोन आहे.”

“ट्रॅक्टर मागवायला? शाब्बास, हे बरं सुचलं.”

“पाचच्या आत उत्तर द्यायला.”

नवऱ्याच्या मागे गाडी एका बाजूला कलली.

“आत्ता? या परिस्थितीत? याची गाडी बुडतेय आणि तुला तुझी बदली सुचतेय?”

“सहाला तुला वेळ होता ना,” ती म्हणाली. “मला आत्ता आहे.”

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “पाणी वळणार ते तुला तिथे उभी असताना माहीत होतं. पुन्हा सांगायला काय झालं होतं तुला?”

मागून कप्तानांचा आवाज आला, “वहिनी, बघून घेईन मी हे!” आणि ती चालू लागली.

धक्का खाडीला वळसा घालून दीड तासाच्या चालीवर होता. त्याच्या टोकाला खोली, खोलीखाली पाण्यात उभा केलेला मोजमापाचा खांब. तिथला माणूस दर तासाला खांबावरचा आकडा वाचून ऑफिसात फोनवर सांगायचा. नऊ वर्षं दिवसातून आठदा तिने त्याचा आवाज ऐकला होता, तोंड कधी पाहिलं नव्हतं. चार वीसला ती दारात उभी राहिली तेव्हा एक बुटका, चष्मा दोऱ्याने बांधलेला म्हातारा स्टुलावर बसून पेन्सिलीला टोक करत होता.

“कोण पाहिजे?”

“काका, मी बोलतेय. ऑफिसातून.”

आवाज ऐकताच तो उठून उभा राहिला. “बाई? तुम्ही? मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल.” मग तिचे गुडघ्यापर्यंत भिजलेले कपडे बघून म्हणाला, “काय झालं?”

“वाळूवर गाडी नेली.”

“आज? बारा वीसच्या ओहोटीला? कुणी?”

“शहाण्यांनी.”

“हं. शहाणे दर सुट्टीत येतात.” त्याने तिला स्टूल दिलं. “पण तुम्ही होतात ना बरोबर?”

“होते.”

“मग बोलला नाहीत?”

“एकदा बोलले. गाणं म्हणावं लागलं. मग नाही बोलले.”

म्हाताऱ्याला गाण्याचं काही कळलं नाही. त्याने विचारलंही नाही. “आकडा दोनदा सांगायचा असतो, बाई,” तो म्हणाला. “तुम्हीच मला शिकवलंत. एकदा सांगायचा आणि समोरच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचा.”

फोनचा रिसीव्हर उचलून तिने ऑफिसचा नंबर फिरवला. शनिवारी ड्युटीवर एकच कारकून असतो आणि तो आकड्यांच्या वेळेलाच जागेवर सापडतो. साडेचारला घंटी वाजून थांबली. चार चाळीसलाही तसंच झालं. चार अठ्ठेचाळीसला त्याने उचलला; तोंडात काहीतरी होतं.

“आकडा पाचला ना, काका?”

“मी बोलतेय,” ती म्हणाली. “संदेशवही घे. लिही. वेळ चार अठ्ठेचाळीस.” मग तिने ते वाक्य सांगितलं. “आता वाचून दाखव.”

त्याने वाचून दाखवलं. “पण मॅडम, पत्राच्या इथल्या प्रतीत ‘लेखी’ म्हटलंय. मी हे तोंडी लिहिलंय.”

“तू लिहिलंयस ना?”

“मी लिहिलंय. पण होकार तोंडी आहे.” तो घुटमळला. “साहेबांना घरी फोन करून विचारतो. मी माझ्या मनाने काही सांगणार नाही, बाबा.”

पाच वाजता म्हातारा म्हणाला, “आता आलाच आहात तर तुम्हीच वाचा.” ती खिडकीतून वाकली. तीन मीटर बारा. वेळापत्रकात तीन दहा होतं. तिने आकडा फोनवर दोनदा सांगितला आणि कारकुनाकडून दोनदा वदवून घेतला. साहेबांचा फोन लागत नाहीये, असं तो म्हणाला.

त्या खिडकीतून किनारा दिसत होता. पांढरी गाडी दिसत नव्हती. कोरड्या वाळूवर दोन माणसं बसली होती, तिसरा धक्क्याच्या रस्त्याने चालत येत होता. त्याच्या हातात काहीतरी निळं होतं.

पाच वाजून अकरा मिनिटांपर्यंत साहेबांचा फोन लागला नव्हता. पूर्ण भरतीला एक तास एकवीस मिनिटं होती.